क्लीनरच्या बाजूला

६ जानेवारी, मंगळवार

फिजिओवाली मॅडम म्हणाली, "काका, रोज काहीतरी लिहीत जा, डोकं चालू राहतं." मी म्हणालो, डोकं चालूच आहे, बंद पडलाय तो डावा पाय. ती हसली आणि ही वही टेकवून गेली. आता वही आलीच आहे तर लिहितो.

मी केवळराम. ट्रक चालवतो. 'चालवत होतो' असं आमचा अतुल म्हणतो, पण पोरांचं म्हणणं किती मनावर घ्यायचं? दिवाळीनंतर एका राईस मिलच्या आवारात पोती भरणं चालू होतं आणि माझा डावा पाय एकाएकी दुसऱ्याच कुणाचा झाला. मी तांदळाच्या थप्पीवर बसलो तो बसलोच. लकवा. बोलणं सुटलं, हातही बराचसा सुटला, पाय तेवढा अडून आहे. तेव्हापासून गाडी कोहमाऱ्याला दुधरामच्या ढाब्यामागे कडुनिंबाखाली उभी आहे आणि मी इथे मुर्रीला अतुलच्या घरी खाटेवर आडवा आहे.

दवाखान्यातले डॉक्टर नजरेचंही काही सांगत होते. डाव्या अंगाचं दिसणं गेलंय म्हणे. मी तिथल्या तिथे उजवा डोळा झाकला आणि डाव्या डोळ्याने समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचून दाखवली. डॉक्टर म्हणाले, "डोळे चांगलेच आहेत काका, बिघाड मेंदूत आहे." मला हसूच आलं. डोळा चांगला आणि दिसत नाही, हे कुठलं शास्त्र? भागीरथा, माझी बायको, मात्र तोंड एवढंसं करून ऐकत होती. ती कुणाचंही खरं मानते.

आज घरात वाजलं. अतुलने गाडीला देवरीचं गिऱ्हाईक पाहून ठेवलंय. मी म्हणालो, गाडी माझी आहे. इतक्या वर्षांत माझ्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नाही, विचार जाऊन रायपूरपासून नागपूरपर्यंत कुणालाही. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही अंगणात तरी चालून दाखवा." हे लागलं मला. मग शर्त ठरली. गोंदियाच्या जुन्या बाजाराची गल्ली नगरपालिकेने या महिन्यापुरती संध्याकाळी गाड्यांना बंद केली आहे. फरशी सपाट आहे, मागून कुणी ठोकायची भीती नाही, आणि मॅडमनेही तीच जागा सांगितली. महिना संपायच्या आत काठीशिवाय, कुणाचा हात न लागता, मी ती गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो तर गाडी माझी. नाही जमलं तर अतुलच्या मनासारखं.

अतुलने आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "हाव. चालू दे त्याइले."

८ जानेवारी

आज पहिली फेरी झाली. गंमत सांगतो, गोंदियात मी हजार वेळा आलो असेन, पण ही गल्ली कधी पाहिली नव्हती. मोठ्या गाडीला आत मज्जाव. आपलं गोंदिया म्हणजे राईस मिल, गाडी तोलायचा धरमकाटा आणि पंक्चरवाला. गल्लीच्या तोंडाशी ड्रम आडवे लावलेत. ऑटो तिथेच सोडला आणि भागीरथाचा हात धरून आत गेलो.

हॉर्न नाही! बाजारात हॉर्न नाही म्हणजे काय ते ऐकल्याशिवाय कळत नाही. कासाराकडे बांगड्या उतरवतात तो आवाज, कढईत जिलबी सोडतात तो आवाज, दोन बायका भाव करताना एकीने दुसरीला हळूच "पुढच्या दुकानात चाल" म्हटलं तेसुद्धा ऐकू आलं. आयुष्यभर पायी माणूस म्हणजे मला मधेच येणारं एक लचांड वाटायचं. आता मीच पायी माणूस. कुणी माझ्यासाठी ब्रेक दाबत नाही, कारण कुणाकडे ब्रेकच नाही.

भागीरथा आपण होऊन माझ्या डावीकडे आली. क्लीनरची बाजू! मी म्हणालो, वा, मग नीट काम शीक. क्लीनर तोंडाने ओरडत बसत नाही, इंजिनाच्या आवाजात ऐकू कुठे येतं? तो पत्र्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे जाऊ दे. ती लगेच शिकली. माझ्या खांद्यावर थाप पडली की मी उभा, दोन पडल्या की चालू. लोक बघत होते. बघू देत.

एक मात्र नवल आहे. या गल्लीत दुकानं एकाच बाजूला आहेत. जाताना सगळी उजवीकडे: बांगड्या, जिलबी, शेरवानी भाड्याने देणारा, पितळी भांडी. दुसऱ्या टोकाला पोचून वळलो आणि परत निघालो, तर दुकानं निराळीच! चपला, गादीवाला, पूजेचं सामान, चष्मे. पण तीही उजवीकडेच. म्हणजे जायचा बाजार वेगळा आणि यायचा वेगळा. हायवेला दोन पट्टे असतात तसा. जुन्या लोकांनी किती विचार करून बांधलं असेल.

डाव्या बाजूला मात्र शिस्त नाही. कुणीतरी बादल्यांची चळत रस्त्यातच ठेवली होती, मी तीवर आदळलो.

११ जानेवारी, रविवार

दुकानं एका बाजूला का, हा प्रश्न डोक्यातून जाईना. जायच्या बाजारात सुखराम म्हणून पितळी भांडीवाला आहे, माझ्याच वयाचा. त्याने स्टूल दिलं, चहा मागवला. मी सरळ विचारलं. सुखरामने कपाळाला आठ्या घातल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिला. भागीरथा तिकडेच कुठेतरी उभी असावी. मग तो म्हणाला, "हां दादा, ये गली ऐसीच है. पहिल्यापासून." आणि माझ्या बशीत आणखी चहा ओतला.

माणूस चांगला आहे, पण स्वतःच्या गल्लीचा इतिहास त्याला माहीत नाही.

त्याच्याकडून एक तरी गोष्ट कळली. वर पाहा म्हणाला. दुकानांच्या पाट्यांच्या वर जुनी माडी तशीच आहे. लाकडी कठडे, कठड्याच्या टोकाला कोरलेले पोपट. एका पोपटाची चोच तुटली आहे आणि तिथे कुणीतरी वायर गुंडाळली आहे. खाली मोबाईलच्या कव्हरांची झालर आणि वर शंभर वर्षांचा पोपट. मान दुखेपर्यंत पाहत होतो. पाहता पाहता मी डाव्या हाताने भागीरथाला चाचपलं, ती होतीच.

रात्री जेवताना रीनाने, आमच्या सुनेने, नुसता भात वाढला. भाजी नाही, वरण नाही. सासरा कमवत नाही म्हटल्यावर असंच व्हायचं, असं मनात आलं आणि वाईट वाटलं. तेवढ्यात भागीरथाने ताट अर्धं फिरवलं, तर वांग्याची भाजी समोर! रीना म्हणाली, "मामाजी, अजून देऊ का भाजी?" मी लाजलो. पोर खरं तर जीव लावते.

१४ जानेवारी

संक्रांत. गल्ली बायकांनी फुलली होती. तिळाचे लाडू, वाणाच्या डब्या, फरशीवर पोतं पसरून बोरं विकायला बसलेल्या बाया. बोरांचा वास गल्लीभर.

आज काठी घरी ठेवली. भागीरथाचा हात फक्त खांद्यावर. परतीच्या बाजारात एका माणसाने मला धक्का दिला. डावीकडून आला, कुठून उगवला देव जाणे. मी त्याला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, "काका, मी समोरूनच येत होतो." खोटं बोलतात लोक.

भागीरथाला म्हणालो, तू थोडी उजवीकडे ये, तुझ्याशी बोलता येत नाही, तू दिसतच नाहीस. ती म्हणाली, "क्लीनर कवा डायवरच्या बाजूनं बसते का जी?" माझाच धडा मला परत दिला. खरंच आहे, क्लीनर दिसायचा नसतो, ऐकू यायचा असतो.

२० जानेवारी, मंगळवार

बॅटरी उतरू नये म्हणून अतुल आम्हाला कोहमाऱ्याला घेऊन गेला. कडुनिंबाचा पाला टपावर साचलाय, कपाळावरचं 'नमो बुद्धाय' धुळीने दिसेनासं झालंय. दोघांनी खालून ढकललं तेव्हा कुठे सीटवर चढलो. चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात चालू! मुकी जनावरं मालकाला ओळखतात तशी. मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

मग आरशात पाहायला गेलो तर क्लीनरच्या बाजूचा आरसाच नाही. मी वरूनच ओरडलो, "दुधराम! तुझ्या भरवशावर गाडी ठेवली आणि आरसा चोरीला गेला?"

दुधराम ग्लास धुता धुता आला. "कोनता आरसा गा? आहे ना जाग्यावर."

"आंधळा समजतोस का मले?"

दुधरामने खाली उभ्या असलेल्या अतुलकडे पाहिलं. अतुल मातीकडे पाहत होता. मी खाली उतरलो, समोरून वळसा घालून गेलो, तर आरसा जागच्या जागी. तेवढ्या वेळात दुधरामच्या माणसाने आणून लावला असणार. ढाब्यावरची मंडळी तयारीची असते. मी म्हणालो, जाऊ दे, परत मिळाला ना, विषय संपला.

परतताना भागीरथा जीपमध्ये पदराने डोळे पुसत होती. "काऊन रडून राहिली?" विचारलं, तर म्हणाली, "धूळ गेली." काचा बंद होत्या.

२५ जानेवारी

फार चांगला दिवस. अर्ध्याच्या वर गल्ली एकट्याने चाललो, सुखरामच्या दुकानापर्यंत. त्याने टाळ्या वाजवल्या. तो सांगत होता, गाड्या बंद केल्यापासून बाजारात दोन तट पडलेत. माल उतरवायला गैरसोय म्हणून अर्धे चिडलेत, बायका निवांत फिरतात म्हणून अर्धे खूश आहेत. एकतीस तारखेनंतर काय ते नक्की नाही. म्हणजे माझ्याकडेही तेवढेच दिवस.

भागीरथाला बजावलं, शनिवारी तू मला हात लावायचा नाही. थापसुद्धा नाही. हात लागला की शर्त गेली. तू त्या टोकाला अतुलजवळ उभी राहा. ती जुन्या पितळी डब्यावर बोट फिरवत राहिली.

३१ जानेवारी, शनिवार

आजचं आजच लिहायला हवं.

ड्रमांपासून एकटा निघालो. अतुल पलीकडच्या टोकाला मोबाईल धरून उभा होता. पाय काय सुंदर पडत होता! बांगड्या गेल्या, जिलबी गेली, शेरवान्या गेल्या. सुखरामने दुकानातून हात हलवला. माझ्या मनात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. आता चौथा टाकायचा आणि सुटायचं.

आणि पायाखाली काहीतरी मऊ आलं.

बाई किंचाळली. मी खाली पाहिलं, काही नाही. फरशी. पण किंकाळी पायाशीच होती. "दिसत नाही का गा, बुढ्या! पाय काढ! बोट मोडलं माहं!" मी आवाजाच्या दिशेने मान वळवली, आणखी वळवली, आणि तेव्हा ती दिसली. बोरंवाली. पोतं पसरलेलं, बोरं चोहीकडे उडालेली, आणि माझ्या चपलेखाली तिची बोटं. ती घरंगळलेलं बोर उचलायला वाकली होती. ती तिथेच होती. संक्रांतीपासून रोज तिथेच बसते, हे नंतर सुखरामने सांगितलं. रुख्मा तिचं नाव.

पाय काढला, पण मान तशीच वळलेली राहिली. आणि रुख्माच्या मागे मला चपलांचं दुकान दिसलं. त्याच्या शेजारी गादीवाला. पूजेचं सामान. चष्मे. सगळा यायचा बाजार, दिवे लावून, जायच्या बाजाराच्या अगदी समोर उभा होता. मान सरळ केली, तो गेला. डावीकडे वळवली, तो आला. मी वेड्यासारखं दोन-चारदा केलं. गल्लीला दोन्ही बाजूंनी दुकानं आहेत. सगळ्या गल्ल्यांना असतात.

ताटातली भाजी. बादल्या. आरसा. डॉक्टरांपुढे माझं हसणं. एकामागून एक सगळं डोक्यात आलं.

माझ्या पायाखाली माणूस आलं होतं. चाक असतं तर?

रुख्मा बोटं फुंकत परत ओरडली, "आंधळा होय का?"

मी म्हणालो, "हाव बाई. या बाजूनं आंधळा आहो."

तेवढ्यात डावीकडून हुंदका ऐकू आला. भागीरथा. ती पलीकडे गेलीच नव्हती. ड्रमांपासून माझ्या मागे, डाव्या अंगाला चालत आली होती. तिने रुख्माचा हात हातात घेतला आणि रडायला लागली. "मी थाप माराले हात उचलला होता वं बाई. मंग याइची शर्त आठवली. माहं चुकलं."

सुखराम पाणी घेऊन आला. बोट मोडलं नव्हतं, काळंनिळं झालं होतं. मी फरशीवर बसलो आणि बोरं वेचायला लागलो. भागीरथा एकेक बोर मला दिसेल अशा जागी सरकवत होती.

"कवापासून ठाऊक होतं तुले?"

"डाक्टरनं सांगतलं तवापासून. तुमाले बी सांगतलं होतं. तुमी हासले."

"परत काऊन नाही सांगतलं?"

"गाडीच्या आशेनं तुमी खाटेवरून उठले जी. आशाच काढून घेतली असती तं उठले असते का?"

मला राग आला, आणि कुणावर काढायचा ते कळेना.

उठून उभा राहिलो. टोक अजून थोडं लांब होतं. भागीरथाने स्वतःच्याच तळहातावर दोन थापा मारल्या. मला हात लावला नाही. उरलेली गल्ली मी मान सारखी डावीकडे वळवत चाललो, आणि दर वेळी ती तिथे होती.

अतुलचा चेहरा विचित्र झाला होता. बाप चालला याचा आनंद, आणि आता गाडीचं काय याची भीती. "जिंकले बाबा तुम्ही," तो हळूच म्हणाला.

मी म्हणालो, "देवरीवाल्याला फोन लाव."

३ फेब्रुवारी

देवरीवाला गाडी घेऊन गेला. तरणा आहे, हात हलका वाटला. मी त्याला सांगितलं, दुसरा गिअर थोडा अडतो, चढावर त्याला घाई करू नको. आणि क्लीनर चांगला ठेव. तो म्हणाला, "काका, आता कॅमेरे मिळतात, क्लीनर कोण ठेवतो?" मी म्हणालो, ठेव तरीही.

गाडी वळली तेव्हा मी मान वळवून ती शेवटपर्यंत पाहिली. दुधरामची माफी मागितली. तो म्हणाला, "अगा सोड ना, चहा घे." घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलो. दुपारी उठलोच नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

गल्लीचा निकाल लागला. इतर दिवशी गाड्या चालू, रविवारी बंद. दोन्ही तटांचं थोडं थोडं राखलं.

मला जायचं नव्हतं. शर्त संपली, गाडी गेली, आता कशाला चालायचं? पण संध्याकाळी भागीरथा पातळ बदलून दाराशी उभी राहिली. "चला न जी. रुख्माले हळदीचा लेप नेऊन देऊ." मग निघालो.

रुख्माने लेप घेतला आणि मलाच ओंजळभर बोरं दिली. "आता मान फिरवतस का नाही?" तिने विचारलं. मी फिरवून दाखवली. ती हसली.

पुढे निघालो. मी उजवीकडे पाहायचो, मग मुद्दाम डावीकडे. चालताना अशी मान हलते की लोकांना वाटत असेल हा प्रत्येक दुकानाला नाही म्हणतोय. तेवढ्यात खांद्यावर एक थाप पडली.

मी जागच्या जागी थांबलो. पायाखाली पाहिलं, समोर पाहिलं, मान वळवून डावीकडे पाहिलं. पोतं नाही, बादली नाही, माणूस नाही.

"काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही जी."

"मंग थाप कायले मारली?"

ती जरा घुटमळली. "मले पाहाचं आहे."

चपलांचं दुकान होतं. महिनाभर ती या दुकानावरून जाता-येता गेली होती, माझ्या खांद्यावर हात ठेवून. हात काढून थांबता आलं नव्हतं. मी तिच्या पायांकडे पाहिलं. महिन्यात पहिल्यांदा पाहिले, ती कायम त्याच बाजूला होती ना. उजव्या चपलेचा पट्टा सेफ्टीपिनने धरलेला होता आणि टाच झिजून एका अंगाला कलली होती. त्या चपलेवर तिने मला चालवलं होतं.

आम्ही दोघं आत जाऊन बाकावर बसलो. मी तिला उजवीकडे बसवलं. दुकानदाराने एकेक जोड काढला. तिला निळ्या पट्ट्याची आवडली, मग तपकिरी आवडली, मग परत निळी घालून पाहिली. आरशासमोर जाऊन आली. पुन्हा गेली. दुकानदार कंटाळला. मी म्हणालो, पाहू दे तिला, आम्हाला कुठे जायचं नाही.